माणूस वाळीत, लिखाण कामावर

२७ मार्च १९५७ची रात्र. हॉलिवुडच्या पँटेजेस थिएटरात ऑस्करचा सोहळा चालू होता. सर्वोत्कृष्ट चित्रकथेचं पाकीट डेबोरा कर या नटीने फोडलं आणि नाव पुकारलं: रॉबर्ट रिच, चित्रपट 'द ब्रेव्ह वन'. टाळ्या झाल्या, पण खुर्चीतून कोणी उठलं नाही. शेवटी लेखकांच्या संघटनेतला जेसी लास्की ज्युनिअर पुढे झाला. रिच यांच्या घरी बाळंतपण आहे, म्हणून ते येऊ शकले नाहीत, असं सांगून त्याने ती सोनेरी बाहुली हातात घेतली. मग शोधाशोध सुरू झाली. संघटनेच्या दप्तरात या नावाचा लेखक सापडेना. निर्मात्यांच्या नात्यात त्या नावाचा एकजण निघाला, पण कथा त्याची नव्हती.

कथा होती डाल्टन ट्रम्बोची. तो त्याच शहरात, हायलंड पार्क भागात राहत होता. त्याचं नाव कुठल्याही पडद्यावर लावायचं नाही असं ठरून साडेनऊ वर्षं होत आली होती.

हा प्रसंग बहुतेकजण गमतीदार किस्सा म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. एका माणसाने लिहिलं, त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी ते त्या वर्षातलं सर्वांत चांगलं ठरवलं, आणि त्या सभागृहात त्याच्या लिखाणाला मान होता, त्याला मात्र पाऊल ठेवायची सोय नव्हती. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: वाळीत टाकणं.

हॉलिवुडच्या काळ्या यादीचा, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून काम नाकारलेल्या माणसांच्या यादीचा, विषय निघाला की वाद लगेच दोन खुंट्यांना टांगला जातो. एक पक्ष म्हणतो, ही सरकारची दडपशाही. दुसरा म्हणतो, माणसं कम्युनिस्ट होतीच, मग तक्रार कसली? या दोन्हींत मुख्य आरोपी सुटून जातो. ही यादी कुठल्या कायद्याने केलेली नव्हती. ती मालकांनी आपसात बसून केली. आणि त्यांनी लेखकांचं लिखाण थांबवलं नाही, ते निम्म्या-पाव किमतीत घेत राहिले. काढून घेतलं ते नाव. माझं म्हणणं असं आहे की श्रेयनामावलीतलं नाव ही लेखकाची हौस नसते, ती त्याची मिळकत असते. कोणाचे राजकीय विचार कितीही चुकीचे असोत, मालकांच्या संगनमताला ही मिळकत हिरावून घेण्याचा अधिकार असता कामा नये. ट्रम्बोच्या आयुष्यात हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

त्याचा जन्म १९०५चा, कोलोरॅडो राज्यातल्या मॉन्ट्रोझ गावचा. वाढला ग्रँड जंक्शनमध्ये. वडील चपलाबुटांच्या दुकानात नोकरीला. पोरगा शाळेत असतानाच गावच्या दैनिकासाठी बातम्या लिहायला लागला. बोल्डरच्या विद्यापीठात जेमतेम वर्षभर शिकला, तोवर कुटुंब लॉस एंजेलिसला गेलं आणि तिथे १९२६ साली वडील वारले. घराचा भार याच्यावर पडला. तो एका मोठ्या बेकरीत रात्रपाळीला लागला आणि तिथे जवळजवळ नऊ वर्षं राहिला. रात्री पाव, दिवसा कथा. कथा साभार परत येत, हा पुन्हा पाठवी. पहिली कादंबरी १९३५ साली निघाली. १९३९ साली आली 'जॉनी गॉट हिज गन'. पहिल्या महायुद्धात हात, पाय आणि चेहरा गमावलेल्या, पण मन जागं असलेल्या एका अमेरिकन पोराची ती कादंबरी. युद्धाविरुद्ध इतकं थेट अंगावर येणारं पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही.

सिनेमात त्याने भराभर वरची पायरी गाठली. १९४०च्या 'किटी फॉयल'साठी ऑस्करचं नामांकन. युद्धकाळात 'थर्टी सेकंड्स ओव्हर टोकियो'सारखे देशप्रेमाने भरलेले चित्रपट. चाळीसच्या दशकाच्या मध्याला एमजीएम या बड्या स्टुडिओशी त्याचा करार होता तो आठवड्याला ३,००० डॉलरचा, नाहीतर पटकथेमागे ७५,००० डॉलरचा. त्या वेळच्या सर्वांत महागड्या लेखकांत तो गणला जाई. १९४३ साली तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला होता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याकडे परत यायचं आहे.

ऑक्टोबर १९४७मध्ये अमेरिकन संसदेच्या एका समितीने वॉशिंग्टनमध्ये सिनेमावाल्यांची सुनावणी लावली. अध्यक्ष होता जे. पार्नेल थॉमस. विचारायचा प्रश्न ठरलेला: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा कधी होतात का? २८ ऑक्टोबरला ट्रम्बोची पाळी आली. तो आपल्या पटकथांचा गठ्ठाच बरोबर घेऊन आला होता, वीसेक असतील. म्हणाला, माझ्या लिखाणात देशद्रोह आहे असा तुमचा आरोप आहे ना, मग या नोंदीत घ्या आणि वाचून बघा. अध्यक्षाने विचारलं, एकेक किती लांब आहे? ट्रम्बोने सांगितलं, शे-दीडशेच्या वर पानं. त्यावर अध्यक्ष म्हणाला, पानं फार झाली.

मला त्या सबंध सुनावणीत हे उत्तर सर्वांत जास्त लागतं. एका लेखकाला विचारांसाठी उभं केलं आहे, तो स्वतःचं सगळं लिखाण टेबलावर ठेवतो आहे, आणि समितीला ते वाचायचंच नाही. तिला फक्त 'हो' किंवा 'नाही' हवं आहे. ट्रम्बोने सांगितलं की फक्त 'हो' किंवा 'नाही'त उत्तर मूर्ख तरी देईल किंवा गुलाम तरी. त्याला खाली उतरवलं गेलं. जाताना तो ओरडला की अमेरिकेतल्या छळछावणीची ही सुरुवात आहे.

असे दहाजण होते, बहुतेक पटकथाकार, एखाद-दुसरा दिग्दर्शक किंवा निर्माता. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्कामागे, म्हणजे पाचव्या घटनादुरुस्तीमागे, ते लपू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही. आमचं मत आणि आमची संगत विचारण्याचा तुम्हाला अधिकारच नाही, अशी पहिल्या, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या, घटनादुरुस्तीची भूमिका त्यांनी घेतली. संसदेच्या अवमानाचा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५०मध्ये प्रकरण ऐकायला नकार दिला आणि ट्रम्बो केंटकीतल्या ॲशलंडच्या तुरुंगात दहाएक महिने काढून आला. दरम्यान तो अध्यक्ष थॉमसही नोकरांच्या पगारात केलेल्या अफरातफरीपायी तुरुंगात पोचला होता, आणि तोही त्याच दहांपैकी दोघांच्या सोबतीला.

इथवर सरकारची बाजू झाली. ती वाईट होती, पण तिला एक आकार होता. आरोप होता, खटला होता, वकील होता, शिक्षेला शेवट होता. वर्षभराची शिक्षा भोगली की हिशेब पुरा. खरी शिक्षा वेगळ्या जागी ठरली.

२४ नोव्हेंबर १९४७ला संसदेच्या सभागृहात दहाजणांविरुद्ध ३४६ विरुद्ध १७ मतांनी ठराव झाला. त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात सगळ्या मोठ्या स्टुडिओंचे मालक आणि कारभारी जमले. तिथून निघालेलं निवेदन प्रत्येक लेखकाने एकदा तरी वाचावं. त्यात म्हटलं होतं की या दहाजणांना आम्ही कामावरून काढतो किंवा बिनपगारी निलंबित करतो, आणि निर्दोष सुटल्याशिवाय अथवा आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ घेतल्याशिवाय परत घेणार नाही. पुढे होतं, आम्ही जाणूनबुजून कोणा कम्युनिस्टाला काम देणार नाही. आणि त्याच निवेदनात त्यांनी लिहून ठेवलं होतं की यात निरपराध माणसांना इजा होण्याचा धोका आहे, भीतीचं वातावरण तयार होण्याचा धोका आहे. म्हणजे त्यांना कळत होतं. कळून सवरून सही केली.

त्या 'जाणूनबुजून' या शब्दाकडे नीट बघा. पुढची तेरा वर्षं त्या एका शब्दाच्या फटीतून सगळा व्यवहार चालला. मालकाला 'माहीत नसलं' की झालं. लेखकाने दुसऱ्याच्या नावाने लिहून द्यायचं, निर्मात्याने समोरच्या नावावर सही करायची. जमिनीच्या व्यवहाराला आपण ज्याला बेनामी म्हणतो, अगदी तसं. जागा एकाची, सातबारा दुसऱ्याच्या नावावर.

'गन क्रेझी'ची पटकथा ट्रम्बोने अशीच लिहिली, मिलार्ड कॉफमन या दुसऱ्या लेखकाच्या नावाने, ३,७५० डॉलरमध्ये. पंचाहत्तर हजारांवरून पावणेचार हजारांवर. लेखणी तीच होती. किंमत उतरली ती नाव निघून गेल्यामुळे, कारण ज्याला नाव नाही त्याला घासाघीस करता येत नाही. आधीच्या चित्रपटाचा दाखला देऊन तो पुढचा दर मागू शकत नाही. करार मोडला तर कोर्टात जाऊ शकत नाही, कारण करारावर तो नाहीच. जे लोक म्हणतात की नावाचं एवढं काय, पैसे तर मिळत होते ना, त्यांना हा साधा हिशेब कधी करावा लागलेला नसतो. आपल्याकडे 'जंजीर'च्या वेळी, १९७३ साली, सलीम-जावेद यांनी माणूस गाठून मुंबईभरच्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली होती. त्याला कोणी मिजास म्हटलं, कोणी आगाऊपणा. पण नावाशिवाय दर नाही, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

तुरुंगातून सुटल्यावर ट्रम्बोने डोंगरातला आपला मळा विकला आणि बायको क्लिओ व तीन मुलांना घेऊन मेक्सिको सिटी गाठली. तिथे एका बैलझुंजीत प्रेक्षकांनी बैलाला जीवदान दिलेलं त्याने पाहिलं, आणि त्यातून 'द ब्रेव्ह वन'चा, एका मेक्सिकन पोराचा आणि त्याच्या बैलाचा, जन्म झाला. पैसे संपत आले तसा १९५४मध्ये तो परत आला. मग रात्रीचं लिखाण, बहुतेक वेळा न्हाणीघरातल्या टबात बसून, पुढ्यात आडवी फळी आणि बोटांत सिगारेट. नावं बदलत. किंग बंधू नावाच्या स्वस्त चित्रपट काढणाऱ्या निर्मात्यांसाठी त्याने ढिगाने लिहिलं. वडील काय लिहितात हे मुलांनी बाहेर बोलायचं नाही, अशी घरात ताकीद होती. या मुलांच्या मनाचं काय होत असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. बाप दिवसरात्र राबतो आहे, त्याचं काम शेजारच्या थिएटरात लागलं आहे, आणि शाळेत सांगायची सोय नाही.

इथे मला माझ्या आजोळची एक गोष्ट सांगावीशी वाटते. रायगड जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव. मी दहा वर्षांचा असेन. गावकीने एक घर वाळीत टाकलं होतं, त्याचं कारण आम्हा पोरांना कधी कोणी धड सांगितलं नाही. त्या घराशी कोणी बोलायचं नाही, त्यांच्या लग्नामयताला जायचं नाही, दुकानदाराने त्यांना सामान द्यायचं नाही. पण त्या घरातल्या म्हाताऱ्याइतकं सुबक जाळं दुसरं कोणी सांधत नसे. मग काळोख पडला की घराच्या मागच्या दारी फाटलेली जाळी जाऊन पडत. मामाने एकदा मला पाठवलं, खांद्यावर जाळ्याचं ओझं देऊन. म्हणाला, नुसतं ठेव आणि ये, बोलू नकोस. म्हाताऱ्याने कंदिलाच्या उजेडात जाळं उलगडलं, भोकं मोजली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परवा न्या म्हणावं." मी बोललो नाही. नंतर मामाने दिलेले पैसे नेहमीच्या निम्मे होते, तेही मीच पोचवले. दिवसाउजेडी तोच म्हातारा बंदरावर दिसला की मामा तोंड फिरवायचा आणि होडीतलं ते जाळं सगळ्यांना कौतुकाने दाखवायचा.

मी ते ओझं वाहिलं आहे, म्हणून वॉल्डॉर्फच्या निवेदनातला तो 'जाणूनबुजून' मला वाचल्या वाचल्या कळला.

अशा व्यवस्थेत सर्वांत कमी दिसणारं नुकसान ज्यांना बेनामी होता आलं नाही त्यांचं. लेखक दुसऱ्याच्या नावाआड लिहू शकतो. नटाने काय करावं? चेहरा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. फिलिप लोब नावाचा नट दूरचित्रवाणीवरच्या लोकप्रिय मालिकेत बापाची भूमिका करायचा. १९५०च्या जूनमध्ये 'रेड चॅनल्स' नावाचं एक खासगी पुस्तक निघालं, त्यात रेडिओ-टीव्हीतल्या १५१ माणसांची नावं होती. लोबचं होतं. काम गेलं. १९५५ साली त्याने एका हॉटेलच्या खोलीत आत्महत्या केली. ते पुस्तक कोणा सरकारी खात्याने छापलेलं नव्हतं. त्याविरुद्ध अपील कुठे करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि परतीची वाट कशी होती? जातपंचायत परत घेताना दंड घेते, गावजेवण घेते, सर्वांदेखत माफी मागायला लावते. हॉलिवुडचं प्रायश्चित्त म्हणजे समितीपुढे जाऊन दुसऱ्यांची नावं सांगणं. समितीला ती नावं आधीच ठाऊक असत. तरी ती तोंडाने म्हणावी लागत. दहाजणांतलाच दिग्दर्शक एडवर्ड डिमिट्रिक तुरुंगातून सुटल्यावर १९५१मध्ये जाऊन नावं सांगून आला आणि कामाला लागला. दिग्दर्शक इलिया कझान १९५२मध्ये गेला, त्याने आठ नावं दिली. १९९९मध्ये कझानला ऑस्करने जीवनगौरव दिला तेव्हा सभागृहातले कित्येकजण उठले नाहीत, हात बांधून बसून राहिले. सत्तेचाळीस वर्षांनी.

आता त्या आक्षेपाकडे येतो. ट्रम्बो कम्युनिस्ट होता. त्या काळात स्टालिनच्या छावण्यांत लाखो माणसं मरत होती आणि अमेरिकन पक्षाची माणसं त्यावर गप्प होती किंवा ते नाकारत होती. हे खरं आहे आणि ट्रम्बोवर प्रेम करणाऱ्यांनी ते झाकू नये. आणखीही आहे. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर, युद्ध चालू असेतो 'जॉनी' पुन्हा छापायचं नाही असं ट्रम्बो आणि त्याच्या प्रकाशकाने ठरवलं. युद्धविरोधी पुस्तकाच्या लेखकाने आपल्या बाजूचं युद्ध सुरू झाल्यावर स्वतःच पुस्तक मागे ठेवलं. त्या काळात पुस्तकाची मागणी करणारी नाझी धार्जिणी पत्रं त्याला आली, आणि त्याने ती एफबीआय या सरकारी तपासयंत्रणेकडे दिली. म्हणजे ज्याला पुढे विचारांसाठी घेरलं गेलं त्यानेच आधी काही पत्रलेखकांकडे सरकारचं लक्ष वळवलं होतं. आलेल्या अधिकाऱ्यांना पत्रांपेक्षा आपल्यातच जास्त रस होता, हे त्याला उशिरा उमगलं आणि त्याने ते 'जॉनी'च्या १९५९च्या प्रस्तावनेत लिहूनही टाकलं. मला त्याचा हा कबुलीजबाब महत्त्वाचा वाटतो, पण त्यामुळे केलेलं पुसलं जात नाही.

तरी माझं मत तसूभर बदलत नाही. उपजीविका आणि नाव ही बरोबर मत असल्याबद्दल दिलेली बक्षिसं नव्हेत. चुकीच्या मतासाठी ती काढून घ्यायची म्हटलं तर बरोबर काय ते कोण ठरवणार, या प्रश्नाचं उत्तर वॉल्डॉर्फमध्ये मिळालं: ज्यांच्या हातात तिकीटबारी आहे ते. ट्रम्बोच्या पटकथांत हिंसेची चिथावणी असती, हेरगिरी असती, तर त्यासाठी कायदा होता, न्यायालय होतं. त्याने पटकथा पुढे ठेवल्या तेव्हा पानं फार झाली.

त्याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं, हे आपल्याला माहीत असायला हवं. मजरूह सुलतानपुरी यांना सरकारविरोधी कवितेपायी तुरुंगात जावं लागलं होतं. कम्युनिस्ट मोर्चात पकडले गेलेले बलराज साहनी आर्थर रोडच्या तुरुंगात होते, आणि 'हलचल' या चित्रपटाच्या शूटिंगला पोलीस बंदोबस्तात तुरुंगातून सेटवर येत आणि परत जात. निर्माते के. आसिफ यांनी तशी परवानगी मिळवली होती. चित्रपट १९५१मध्ये लागला आणि त्यावर साहनींचं नाव होतं. मजरूह सुटून आले आणि आपल्या नावाने गाणी लिहू लागले. आपलं सरकार उदार होतं असं मी म्हणत नाही, कवितेसाठी तुरुंगात टाकणं हा अन्यायच. मुंबईचे निर्माते फार शूर होते असंही नव्हे. त्यांनी एकत्र बसून ठराव केला नाही, एवढंच. पण त्या एवढ्याशा फरकामुळे तुरुंगाच्या दारावर शिक्षा संपली.

हॉलिवुडमध्ये ती संपवायला ट्रम्बोला स्वतः डोकं चालवावं लागलं. रॉबर्ट रिचचा बोभाटा झाल्यावर पत्रकार त्याच्याकडे आले. त्याने 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नाही'ही. पुढे चांगली पटकथा दिसली की ती तुमची का असं कोणी विचारे, आणि हा ते नाकारत नसे. हळूहळू गावभर झालं की बऱ्याच चित्रपटांमागे काळ्या यादीतलीच माणसं आहेत, आणि यादी हास्यास्पद ठरू लागली. समितीपुढे नकार देणाऱ्यांना ऑस्करला अपात्र ठरवणारा नियम १९५७च्या फेब्रुवारीत अकादमीने केला होता, तो जानेवारी १९५९मध्ये मागे घ्यावा लागला. त्याच महिन्यात रिच म्हणजे मीच, असं ट्रम्बोने जाहीर केलं. जानेवारी १९६०मध्ये दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजरने आपला 'एक्झोडस' ट्रम्बोने लिहिल्याचं सांगितलं. नट आणि निर्माता कर्क डग्लसच्या 'स्पार्टाकस'वरही त्याचं नाव लागलं. कोणी यादी मोडली याचं श्रेय पुढे दोन्हीकडून घेतलं गेलं, त्यावर वादही झाले. मला त्या वादात रस नाही. बारा वर्षं दबा धरून बसलेल्या धंद्यातला कोणता मालक आधी उठला, याहून मला हे मोठं वाटतं की ज्याला वाळीत टाकलं होतं त्यानेच लिहून लिहून वाळीत टाकणं अशक्य करून सोडलं.

१९७०मध्ये लेखक संघटनेने त्याचा मोठा सन्मान केला. त्या भाषणात तो म्हणाला की त्या काळात खलनायक शोधू नका, नायक शोधू नका, संत नाहीत आणि सैतानही नाहीत, होते ते फक्त बळी. दहाजणांतला अल्बर्ट माल्ट्झ यावर जाहीरपणे चिडला. नावं देणारा आणि नावं न देता तुरुंगात गेलेला दोघे सारखे बळी कसे, हा त्याचा सवाल होता. मी माल्ट्झच्या बाजूला झुकतो, पण मला दोघांच्याही बोलण्यात एक रिकामी खुर्ची दिसते. ट्रम्बो बोलतोय लेखकांबद्दल, माल्ट्झही लेखकांबद्दलच. कोण फुटला, कोण टिकला. भीतीच्या पोटी मोडलेल्या माणसाला ट्रम्बोने माफ केलं तर तो त्याचा अधिकार, आणि मनाचा मोठेपणा. पण वॉल्डॉर्फमध्ये बसलेली माणसं कशाची बळी होती? त्यांनी चित्रपट बनवले, पैसे केले, स्वस्तात पटकथा घेतल्या. 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेचं ऑस्कर पिएर बूल या फ्रेंच कादंबरीकाराला मिळालं, ज्याने पटकथा लिहिलीच नव्हती. लिहिणारे मायकेल विल्सन आणि कार्ल फोरमन दोघेही यादीतले. त्यांना ते ऑस्कर मिळालं मरणोत्तर.

आणि संघटना? तीही स्वच्छ नाही. स्टुडिओमालक हॉवर्ड ह्यूजने १९५२मध्ये पॉल जॅरिको या लेखकाचं नाव एका चित्रपटावरून उडवलं तेव्हा संघटना कोर्टात गेली, हरली, आणि पुढे तिने करारातच मान्य केलं की अशा लेखकांची नावं निर्मात्याला वगळता येतील. लेखकाचं नाव राखायला जी उभी राहिली होती तिनेच ते सोडून दिलं. ती भीती मला समजते, पण तो निर्णय मला मान्य होत नाही.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला, देशात सर्वांत आधी. जातपंचायतींविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामाचं ते फळ. वाळीत टाकणं हा गुन्हा ठरला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. मला त्याचा अभिमान आहे. पण त्याचा रोख जात आणि समाज यांच्यावर आहे. धंदा, उद्योग, मालकांचा जथा यांनी मिळून एखाद्याला त्याच्या मतापायी वाळीत टाकलं तर काय, याला आपल्याकडे अजून धड उत्तर नाही. समाजमाध्यमांवर आज एखाद्या लेखकाच्या किंवा नटाच्या नावाने मोहीम उठते आणि दुसऱ्या दिवशी त्याचं काम जातं, कारण न सांगता. प्रेक्षकाने चित्रपट पाहू नये, लोकांनी टीका करावी, बहिष्काराची हाक द्यावी. हे त्यांचं स्वातंत्र्य आहे आणि ते राहायला हवं. पण पैसे देणाऱ्यांनी आपसात ठरवून एखाद्याचं नाव सगळीकडून बंद करणं आणि त्याचं काम मात्र मागच्या दाराने घेत राहणं, ही वेगळी गोष्ट आहे. लेखकाच्या करारात एक ओळ सक्तीची असली पाहिजे: ज्याने लिहिलं त्याचं नाव लागेल, आणि त्याच्या मतांसाठी ते काढता येणार नाही. मालिकांमध्ये नाव न लावता भाग लिहून देणारी कितीतरी पोरं मी ओळखतो. त्यांना राजकारणापायी कोणी वगळलेलं नाही, नुसतं चालतं म्हणून वगळलं आहे. ही सवय एकदा मुरली की उद्या राजकारणापायी वगळणं किती सोपं जाईल!

हॉलिवुडमध्ये नावं परत लावण्याचं काम कित्येक वर्षं चाललं. १९९२मध्ये मिलार्ड कॉफमनने स्वतः होऊन संघटनेला सांगितलं की 'गन क्रेझी'वरून माझं नाव काढा, ते ट्रम्बोचं आहे. 'द ब्रेव्ह वन'ची बाहुली ट्रम्बोला मे १९७५मध्ये मिळाली, अठरा वर्षांनी. अकादमीचा अध्यक्ष वॉल्टर मिरिशने ती त्याच्या हाती दिली. तेव्हा तो आजारी होता, आणि १० सप्टेंबर १९७६ला गेला.

'रोमन हॉलिडे' राहिलाच होता. ती कथा त्याने इयन मॅक्लेलन हंटर या मित्राच्या नावाने विकली होती आणि १९५३च्या त्या चित्रपटाचं कथेचं ऑस्कर हंटरच्या नावावर गेलं होतं. पुढे हंटरही यादीत आला. १९९३मध्ये अकादमीने तो सन्मान ट्रम्बोच्या नावे केला, क्लिओने तो स्वीकारला. पण पटकथेच्या श्रेयात तरीही त्याचं नाव नव्हतंच. ट्रम्बोचा मुलगा ख्रिस्तोफर आणि हंटरचा मुलगा टिम या दोघांनी त्याचा पाठपुरावा केला. संघटनेने ते नाव डिसेंबर २०११मध्ये लावलं. हंटर १९९१ला गेला होता, क्लिओ २००९ला, आणि ख्रिस्तोफर २०११च्याच जानेवारीत.